चाबी हातात घेण्यापूर्वी : घर आणि पाळीव प्राणी सांभाळण्याचा व्यवहार



दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या लोकांत दोन प्रश्न हमखास निघतात. पुण्या-मुंबईचे रिझर्व्हेशन मिळाले का, आणि मागे घराकडे कोण पाहणार? पहिल्याचे उत्तर रेल्वेकडे असते. दुसऱ्याचे उत्तर हल्ली पुष्कळदा आपल्या वरच्या वर्गातल्या किंवा नुकत्याच कॉलेजात गेलेल्या मुलामुलींकडे असते. शेजारच्या काकूंच्या झाडांना पाणी घालायचे, मांजरीला खाऊ घालायचे, कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायचे. काम चांगले आहे, जबाबदारी शिकवणारे आहे, आणि त्यातून चार पैसे मिळाले तर त्यात कमीपणा काही नाही.

अडचण सुट्टी संपल्यावर सुरू होते. मुलाची आई म्हणते, आठ दिवस पोराने दोन-दोन खेपा केल्या आणि हातावर काय ठेवले, तर बाकरवडीचे पाकीट. काकू म्हणतात, विश्वासाने चाबी दिली आणि परत येऊन पाहते तो तुळस वाळलेली. दोघींचेही खरे असते. आधी कोणी काही बोललेले नसते, एवढेच. मग वर्षानुवर्षांचे जाणे-येणे दोन-चारशे रुपयांपायी आखडते. पिढ्यान्‌पिढ्या इंदूरात राहिलेल्या आपल्यासारख्यांची नातलग मंडळी अर्धी पुण्याला आणि अर्धी बेंगळुरूला असतात. इथे रात्री-अपरात्री हाक मारावी तर शेजारीच. तो शेजार अशा कारणाने तुटू नये म्हणून या अंकातला व्यवहारज्ञानाचा पाठ या विषयावर घेतला आहे.

या कामाला मराठीत नेमका शब्द नाही. शहरात 'पेट सिटिंग', 'हाऊस सिटिंग' म्हणतात. आपल्याकडे शब्द नाही, कारण हे काम कधी वेगळे काढावे लागलेच नाही. रामबाग, मल्हारगंजकडच्या जुन्या वाड्यांत कोणी ना कोणी घरी असायचेच. एक बिऱ्हाड गावाला गेले तर समोरचे बिऱ्हाड कुंड्यांना पाणी घालायचे आणि पुढच्या वर्षी उलट व्हायचे. ती फिटाफिट होती, तिचा हिशेब कोणी लिहीत नसे. आता सुदामा नगरातले घर सांभाळायला स्कीम नंबर ७८ मधला मुलगा येतो. त्याच्या घरी कुत्रा नाही, तो कधी आठ दिवस गावाला जात नाही. त्याची फेड उलट्या मदतीने होणारच नाही. तेव्हा ती पैशाने व्हावी, आणि पैशाचे बोलणे काम सुरू होण्यापूर्वी व्हावे. "पैशाचे काय, तू घरचाच आहेस" हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते. पण ते ऐकून उठलेल्या मुलाला आपण शेजारधर्म करतो आहोत की नोकरी, हे कळत नाही, आणि काकूंनाही कळत नाही.

पहिले बोलणे पैशाचे नको, कामाचे असावे. "घराकडे लक्ष ठेव" हे काम नव्हे, ती इच्छा झाली. लक्ष ठेवणे म्हणजे रोज आत जाऊन सगळ्या खोल्या पाहणे, की येता-जाता कुलूप जाग्यावर आहे एवढे बघणे? आपल्या गावात तर अनेक वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. ते नेमके कोणत्या वेळी येते, हौद भरल्यावर मोटार कोण बंद करणार, गच्चीवरची टाकी वाहू लागली तर खालच्या मजल्यावर कोणाला सांगायचे, हे सगळे घरमालकाला पाठ असते आणि नवख्याला त्यातले काहीच माहीत नसते. कचऱ्याची गाडी सकाळी येते, तिला ओला आणि सुका वेगळा द्यायचा. वर्तमानपत्र आणि दूध बंद करणे हे मालकाचे काम. दारात चार दिवसांची वर्तमानपत्रे साचली की घर रिकामे आहे हे चोराला विचारावे लागत नाही. मालकाने जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवून ठेवावे. आणि मुलांनो, काकूंच्या गॅलरीत काढलेला फोटो मोबाईलच्या स्टेटसवर टाकू नका. त्या फोटोचा अर्थही तोच होतो.

देवपूजेचे मी मुद्दाम वेगळे लिहिते. आपल्या बऱ्याच घरांत जाणाऱ्याच्या मनात देव उपाशी राहू नयेत हे असतेच, पण संकोचाने बोलले जात नाही. मग परत आल्यावर "निदान तुळशीजवळ दिवा तरी लावायचास" असे निघते. मुलाने तो लावायचा की नाही, आंघोळ करून यायचे का, बंद घरात दिवा तेवत ठेवून निघून जाणे चालेल का (माझ्या मते मुळीच चालणार नाही), हे आधी विचारा. सांभाळणारा दुसऱ्या धर्माचा असेल तर हे काम त्याच्यावर टाकू नये. देव तेवढे दिवस नातेवाइकांकडे ठेवता येतात.

प्राण्यांचे प्रकरण याहून नाजूक. टाकी वाहिली तर पाणी जाते. प्राण्याच्या बाबतीत जीव जाऊ शकतो. घरात कोणता प्राणी आहे यावर काम ठरते. शोभेच्या माशांना हौसेने जास्त खाणे टाकले तर पाणी नासते आणि मासे मरतात, म्हणून रोजचा खुराक मालकाने पुड्या बांधून ठेवलेला बरा. मांजर जागा सोडायला नाखूष असते, तिला आपल्या घरी नेण्यापेक्षा तिच्याच घरी जाणे सोयीचे. मात्र तिने दिवसभर काहीच खाल्ले नाही तर वाट न पाहता मालकाला आणि डॉक्टरांना कळवावे. कुत्र्याचे खाणे, फिरण्याच्या वेळा, पट्टा कुठे असतो, तो कोणावर गुरगुरतो, फटाक्यांना घाबरतो का, हे सगळे कागदावर हवे. दिवाळीत आणखी एक गोष्ट. कांदा, चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या आहेत. प्रसादाचा बेदाणे घातलेला शिरा किंवा कांदाभजी लाडाने देऊ नका. चिवड्यातही बेदाणे असतात.

पोपटाचे कोणी विचारले तर नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या देशी पोपटाला पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा आहे.

घर सांभाळणाऱ्याने एक दिवस आधी, मालक घरी असताना, जाऊन एक पूर्ण खेप करून पाहावी. कुत्र्याला त्यांच्यासमोर फिरवून आणावे. कुलूप स्वतः उघडून, लावून पाहावे; जुन्या घरांची कुलपे जरा उचलून फिरवावी लागतात आणि ते सांगायचे सगळेच विसरतात. दागिने, रोकड घरात नसावी. ज्या खोलीत जायचे नाही तिला मालकाने कुलूप लावावे, म्हणजे संशयाला जागा उरत नाही. चाबी ज्याला दिली त्यानेच वापरायची. मित्राला बरोबर नेणे, परीक्षा आहे म्हणून धाकट्या भावाला पाठवणे, हे मालकाला विचारल्याशिवाय होता कामा नये.

आता मोबदला. मुले चुकतात ती "दिवसाला किती" या हिशेबात. दिवस मोजू नका, खेपा मोजा. समजा, काकू ३ तारखेला दुपारी निघाल्या आणि ११ तारखेला दुपारी परत आल्या. काकूंच्या मनात आठ दिवस आहेत, तुमच्या मनात नऊ. भांडण इथेच सुरू झाले. त्याऐवजी असे मोजा : ३ तारखेची संध्याकाळ १ खेप, ४ ते १० तारीख ७ दिवस रोज २ म्हणजे १४, आणि ११ ची सकाळ १. एकूण १६ खेपा. यावर वाद होऊ शकत नाही.

प्रत्येक खेपेला पाऊण तास लागला तर १६ खेपांचे १२ तास झाले. जाण्यायेण्याचे २० मिनिटे धरली तर ३२० मिनिटे, म्हणजे ५ तास २० मिनिटे. एकूण १७ तास २० मिनिटे. आता "दिवसाला ५० रुपये देईन" असे कोणी म्हटले तर ऐकायला बरे वाटते. पण आठ दिवसांचे ४०० रुपये भागिले १७ तास २० मिनिटे, म्हणजे तासाला सुमारे २३ रुपये पडले. खेपेला १०० रुपये ठरले तर १,६०० होतात आणि तासाला सुमारे ९२ पडतात. स्कूटरने जाणाऱ्या कॉलेजच्या मुलाचे पेट्रोल वेगळे. एका बाजूचे २ किलोमीटर धरले तर १६ खेपांचे ६४ किलोमीटर होतात. लिटरला ४० चालणाऱ्या स्कूटरला १.६ लिटर लागेल, लिटरचे १०० रुपये धरले तरी १६० रुपये झाले. ४०० रुपयांतून ते गेले तर हाती २४० उरले. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. दर कॉलनीप्रमाणे बदलतो, दोन-चार घरी विचारून ठरवावा.

दर योग्य आहे का हे ताडून पाहायला एक सोपी फूटपट्टी आहे. तुमच्या घरी येणाऱ्या कामवाल्या मावशींना महिन्याला किती मिळते आणि त्या किती तास काम करतात, ते मांडून तासाचा दर काढा. अनुभव नसलेल्या मुलाने त्याहून फार जास्त मागू नये, आणि फार कमीही घेऊ नये. हा हिशेब करताना काही पालकांना आपण मावशींना काय देतो हेही प्रथमच कळेल. कळू द्या.

दुसरा प्राणी असेल तर दर दुप्पट होत नाही, कारण जाणे-येणे एकदाच होते. निम्म्याने वाढवणे मला रास्त वाटते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचे मात्र वेगळे बोला. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याजवळ त्या दिवशी तीन-चार तास बसावे लागते, तेही तुमच्या घरी पूजा चालू असताना. तेवढ्या वेळेचा तासावर हिशेब करावा, नाहीतर त्या संध्याकाळपुरते मालकाने एखाद्या मोठ्या माणसाला सांगावे. इंजेक्शन देणे हे काम मुलांनी घेऊ नये, पैसे कितीही मिळोत.

खर्चाची रक्कम मोबदल्यात मिसळू नका. प्राण्याचे खाणे, औषध, डॉक्टरांची फी यासाठी मालकाने वेगळ्या पाकिटात पैसे ठेवावेत, मुलाने त्याच पाकिटात बिले ठेवावीत. शेवटी पाकीट परत करावे. तिकीट वेटिंगवर राहून जाणेच रद्द झाले तर काय, हेही आधी ठरते. दोन दिवस आधी कळवले तर काही देणे नाही, ऐनवेळी कळवले तर एका दिवसाच्या खेपांचे पैसे द्यावेत, असे माझे मत. मुलाने कदाचित त्यासाठी आपला बेत बदललेला असतो. मुक्काम वाढला तर वाढीव खेपा त्याच दराने. पण "वाढवला तर चालेल ना?" असे आधी फोन करून विचारावे, गृहीत धरू नये.

या साऱ्यामागे कायदाही आहे, आणि तो वाटतो तितका रुक्ष नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेल्या वस्तूंविषयी एक संपूर्ण प्रकरण आहे. मी हिंदी माध्यमातून शिकले, त्यामुळे मला त्याचे हिंदी नाव 'उपनिधान' हेच आधी आठवते. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही वस्तू, म्हणजे माल. ऐकायला कठोर वाटते, पण त्यामुळेच ही कलमे त्यांना लागू पडतात.

कलम १५० सांगते की देणाऱ्याने वस्तूतला त्याला ठाऊक असलेला दोष घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. तिथे दिलेले उदाहरण घोड्याचे आहे. एकाने आपला घोडा दुसऱ्याला वापरायला दिला. घोडा खोडकर आहे हे त्याला माहीत होते, पण सांगितले नाही. घोडा उधळला, बसणारा पडून जखमी झाला. भरपाई घोडा देणाऱ्यावर. घोड्याच्या जागी कुत्रा घाला. "आमचा मोती कोणाला काही करत नाही" असे म्हणणाऱ्या आणि मागच्याच महिन्यात दूधवाल्याला चावा बसलेला असताना गप्प राहणाऱ्या मालकाने हे कलम वाचावे.

कलम १५१ सांभाळणाऱ्यासाठी. साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली पाहिजे. जास्त नाही, कमीही नाही. तेवढी घेऊनही नुकसान झाले तर, वेगळे काही ठरलेले नसल्यास, दोष त्याच्याकडे येत नाही, असे पुढचे १५२ वे कलम म्हणते. म्हातारे कुत्रे नीट सांभाळूनही दगावले तर मुलाला दोष देता येत नाही. फाटक उघडे टाकल्यामुळे ते रस्त्यावर गेले तर देता येतो. कलम १५८ फुकट सांभाळणाऱ्याविषयी आहे. मोबदला ठरला नसला तरी सांभाळण्यासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा असतो. शेजारधर्म म्हणून काम केले तरी डॉक्टरांचे बिल मुलाच्या वडिलांनी भरावे असे कायदाही म्हणत नाही. आणि कलम १६३ चे उदाहरण तर गोड आहे : सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर गायीबरोबर वासरूही मालकाला परत द्यायचे.

याशिवाय १९६० चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याची नीट काळजी घेतली पाहिजे असे त्याचे तिसरे कलम सांगते; म्हणजे चाबी घेतली की ते कर्तव्य तुमचेही झाले. पैसे मिळाले नाहीत म्हणून खाणे थांबवणे किंवा प्राणी अडवून ठेवणे हा मार्ग नव्हे.

पालकांनी वयाचे लक्षात ठेवावे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार घरच्या कामातली मदत वगैरे अपवाद सोडले तर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. सातवीतल्या मुलाने शेजारच्या कुंड्यांना पाणी घातले तर ते कौतुकाने घालावे, आईबाबांच्या देखरेखीखाली घालावे, मजुरी ठरवून नव्हे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याची नसलेली कामे करता येतात, पण १८ पूर्ण होईपर्यंत त्यांनी केलेला करार कायद्याने बांधत नाही. म्हणून बोलणी पालकांनी समोर बसून करावीत, मुलाला शेजारी बसवून. त्याला उठवून नव्हे, कारण शिकायचे त्याला आहे. रिकाम्या घरात रात्री एकट्याने झोपण्याचे काम शाळकरी मुलामुलींना देऊ नये. यावर काही पालक "घर तर समोरच आहे" म्हणतात. समोर असले तरी नको.

कुत्र्याने चावा घेतला किंवा ओरखडा काढला, पाळीव असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, मिरची, चुना काही लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळपास कोणीच वाचत नाही; लस वेळेवर, सगळ्या तारखांना घेतली तर धोका टळतो. सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते. मालकाने कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड दाखवले नाही तर काम घेऊ नका. चावल्यास दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे त्या कागदावर एका ओळीत असावे.

कागद म्हणजे स्टँपपेपर नव्हे. वहीचे एक पान पुरे. जाण्या-येण्याच्या तारखा आणि वेळा, खेपा किती, प्रत्येक खेपेत काय करायचे, दर, आगाऊ रक्कम, खर्चाच्या पाकिटातले पैसे, जनावरांच्या डॉक्टरांचा फोन, शहरातल्या एका नातेवाइकाचा फोन, आणि मालकाशी संपर्क होत नसेल तर डॉक्टरांकडे किती रुपयांपर्यंत खर्च करायला परवानगी आहे तो आकडा. हा शेवटचा आकडा लोक लिहीत नाहीत. गाडी बोगद्यात, फोन लागत नाही, आणि मांजर तडफडते आहे, अशा वेळी सतरा वर्षांच्या मुलीने काय करावे? दोघांच्या सह्या, एक प्रत काकूंकडे, एक मुलाच्या घरी. काकूंना अवघड वाटले तर मुलाच्या आईने म्हणावे, "शाळेने गृहपाठ दिला आहे हो." ते खोटेही नाही.

गृहपाठ (इयत्ता ९ वी आणि पुढे)

१. एक कुटुंब २० तारखेला सकाळी मांजरीला खाऊ घालून निघाले आणि २६ तारखेला रात्री ९ वाजता परतले. रोज सकाळी एक खेप, खेपेला ८० रुपये. खर्चाच्या पाकिटात ५०० रुपये होते, औषधाचे बिल ३४० रुपये झाले. खेपा किती? पाकिटातली शिल्लक मोबदल्यातच धरायची ठरली, तर कुटुंबाने आणखी किती द्यायचे?

२. त्याच आठवड्यात मांजरीला तीन पिल्ले झाली. ती कोणाची? कलमाचा आकडा लिहा. पिल्लांमुळे वाढलेल्या कामाचा मोबदला मागावा का, आणि कोणत्या शब्दांत, ते आठ-दहा ओळींत लिहा.

३. आपल्या घराचा असा एक कागद आईबाबांबरोबर बसून तयार करा. मोटारीचे बटण आणि कुलूप यांविषयीच्या सूचना घरातल्या नसलेल्या कोणालाही कळतील अशा असाव्यात. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्यावा.